लंब रेषेचं समीकरण: चढ काढावा की सहगुणक बदलावेत?

दहावीपर्यंत 'चढ' म्हणून शिकलेली गोष्ट अकरावी सायन्सला 'स्लोप' होते, आणि आमच्या अमळनेर-चोपड्याकडची मुलं तिथेच जरा बावचळतात. मग लंब रेषेचं समीकरण आलं की दरवर्षी विचारतात, दोन रीतींपैकी कोणती धरायची?

एकच उदाहरण दोन्हींनी करू. रेषा ३क्ष + ४य = १२ आणि तिच्यावरचा लंब (६, ५) या बिंदूतून जाणारा.

चढाच्या रीतीने: दिलेल्या रेषेचा चढ −३/४. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो, म्हणून लंबाचा चढ ४/३. मग य − ५ = ४/३ (क्ष − ६), आणि तिनाने गुणून आवरलं की ४क्ष − ३य = ९.

सहगुणकांच्या रीतीने: ३ आणि ४ यांची अदलाबदल करा, एकाचंच चिन्ह फिरवा. ४क्ष − ३य = क. बिंदू घाला, २४ − १५ = ९. झालं.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे दुसरीच कामाची. तरी मी ती आधी शिकवत नाही. नुसती पाठ केलेली मुलं चिन्हापाशी अडतात. कुणी दोन्ही फिरवतं, कुणी एकही नाही.

एका मुलीने मला थांबवून विचारलं होतं, "सर, हाई कसं व्हयनं?" तिच्या घरी कापूस. शेतात उभ्या-आडव्या रेघा पाडून फुलीवर सरकी टोबायची, त्यामुळे काटकोन तिच्या हातातच होता. आलेख कागदावर (०, ३) पासून (४, ०) पर्यंत रेघ ओढली: ४ घरं उजवीकडे, ३ खाली. म्हटलं, आता कागद डावीकडे पाव फेरा फिरव. उजवीकडची ४ घरं वर गेली, खालची ३ उजवीकडे आली. अदलाबदल का होते आणि चिन्ह एकच का फिरतं, दोन्ही तिला तिथेच दिसलं.

पाठांतराला माझा विरोध नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्याच्या मठाला १२०७ साली दिलेल्या दानाची नोंद आहे. ते ग्रंथ श्लोकांतच आहेत. पण सिद्धांतशिरोमणीवर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य लिहून कारणंही दिली.

चढाच्या रीतीत नेहमीची चूक म्हणजे −३/४ उलटून −४/३ लिहिणं. गुणाकार करून बघा, १ येतो. आणि रेषा क्ष = ७ अशी उभी असेल तर तिला चढच नसतो, सूत्र लावणार कशाला? सहगुणकांच्या रीतीला तिथेही अडचण नाही: १ आणि ० यांची अदलाबदल केली की य = स्थिर संख्या.

म्हणून समीकरण क्ष आणि य एका बाजूला घेऊन दिलं असेल तर सहगुणक बदला. चढ किंवा दोन बिंदू दिले असतील तर चढ काढा. फक्त रेषाखंडाचा लंबदुभाजक विचारला असेल, तर मी दोन्ही सोडतो. (१, २) आणि (५, ८) यांपासून सारख्याच अंतरावरचा बिंदू (क्ष, य) धरायचा आणि अंतरांचे वर्ग समान मांडायचे. क्ष² आणि य² दोन्हीकडून उडतात, आणि २क्ष + ३य = २१ उरतं.