कान्झोना : गाब्रिएली की फ्रेस्कोबाल्दी?

कान्झोना म्हणजे इटलीतला एक वाद्यसंगीताचा प्रकार. गाब्रिएली आणि फ्रेस्कोबाल्दी या दोन संगीतकारांच्या कान्झोनांचं मूळ एकच, शांसों म्हणजे अनेक आवाजांत गायचं फ्रेंच गीत. एक लांब आणि दोन आखूड स्वरांची ओळखीची सुरुवातही दोघांकडे सापडते. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात.

जोव्हान्नी गाब्रिएली व्हेनिसच्या सान मार्को चर्चचा ऑर्गनवादक. त्याच्या 1597 च्या संग्रहातल्या कान्झोना 8 ते 15 स्वरपंक्तींच्या, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तितक्या स्वतंत्र ओळींच्या आहेत. कॉर्नेत्तो (बोटांच्या छिद्रांचं लाकडी फुंकवाद्य) आणि ट्रॉम्बोनचे ताफे समोरासमोर. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने झेलायची, मग सगळ्यांनी एकदम उसळायचं. मध्येच दोनाच्या लयीतून तीनाच्या लयीत गेल्यावर तर अख्खं संगीत नाचू लागतं. चांगल्या स्पीकरवर, डावी-उजवी बाजू नीट वेगळी ठेवूनच हे ऐका.

रोमच्या सेंट पीटर्स चर्चचा ऑर्गनवादक जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी 1628 मध्ये नेमकं उलट करतो. एक ते चार वाद्यं आणि खाली बासो कॉन्तिनुओ, म्हणजे खर्जाची सलग ओळ आणि तिच्यावर हार्प्सिकॉर्ड किंवा ऑर्गनने भरलेले स्वरमेळ. छोटे छोटे खंड, क्षणात धावणारे, क्षणात थबकणारे. एकट्या वाद्याला इथे मोकळं बोलता येतं. पुढच्या बरोक सोनाटाची, म्हणजे एक-दोन वाद्यं आणि बासो कॉन्तिनुओसाठीच्या रचनेची चाहूल मला इथेच जास्त स्पष्ट लागते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने गाब्रिएलीपासून सुरुवात करावी. माझं मन मात्र फ्रेस्कोबाल्दीकडे.