पॉड मशीनचे बरेच महिने: कॅप्सूलमध्ये कॅफिन नक्की किती?

पॉड मशीन म्हणजे एका कपापुरती पावडर भरलेली बंद कॅप्सूल (पॉड) टाकून कॉफी काढणारं यंत्र. त्याबद्दल लोकांनी लिहिलेले अनुभव वाचले, की फेस किती जाड येतो, टाकी केवढी आहे, आवाज किती होतो, हे सगळं सापडतं. एका कपातून पोटात किती कॅफिन जातं हे मात्र खणून काढावं लागतं. मला ते काढावंच लागलं, कारण आमच्या घरात कॉफी पिणारे तिघं आणि तिघांच्या गरजा तीन तऱ्हेच्या. मला सकाळी कामाला बसण्याआधी कडक कप लागतो. बाबांना मध्ये मध्ये धडधड होते, त्यामुळे डॉक्टरांनी कॅफिन बेतात ठेवायला सांगितलंय. आणि वहिनीला सध्या सहावा महिना चालू आहे. मशीन एकच, कॅप्सूलचा डबाही एकच. त्यातली कोणती कोणी घ्यायची, हा रोजचा प्रश्न.

घरातलं मशीन छोट्या अॅल्युमिनियम कॅप्सूलचं, दाबावर चालणारं. ऑफिसात मोठ्या कॅप्सूलचं आहे. दोन्ही रोज वापरते, त्यामुळे जे लिहितेय ते दोन्हींबद्दल आहे.

आधी त्या ‘इंटेन्सिटी’च्या आकड्याबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच होतो. कॅप्सूलच्या खोक्यावर ६, ९, ११ असे आकडे असतात आणि बघणाऱ्याला वाटतं की ११ म्हणजे जास्त कॅफिन. तसं नाही. तो आकडा चवीचा आहे: कॉफी किती भाजली आहे, कडवटपणा किती, तोंडात किती दाट लागते. कंपनी तो आपल्या मोजमापाने ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा ९ आणि दुसरीचा ९ यांची तुलनाही होत नाही. काळपट भाजलेली कॉफी कडक लागते, पण भाजण्याने कॅफिन फारसं वाढतही नाही आणि घटतही नाही. वजनावर मोजलं तर हलकी भाजलेली आणि गडद भाजलेली कॉफी जवळपास सारखीच पडते. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती. त्यामुळे १० आकड्याची निव्वळ अरेबिका कॅप्सूल आणि ७ आकड्याची रोबस्टा मिसळलेली कॅप्सूल यांत ७ वालीत जास्त कॅफिन असणं अगदी शक्य आहे.

मग कॅफिन ठरतं कशावर? दोन गोष्टींवर: आत पावडर किती ग्रॅम आहे आणि बी कोणती आहे. अरेबिकात वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफिन असतं. रोबस्टात त्याच्या जवळजवळ दुप्पट, २ टक्क्यांच्या वर. म्हणजे एक ग्रॅम अरेबिका म्हणजे सुमारे १२ मिलिग्रॅम, एक ग्रॅम रोबस्टा म्हणजे २० ते २२. हे दोन आकडे लक्षात ठेवले की बाकीचा हिशेब खोक्यावर छापलेलाच असतो. दहा कॅप्सूलच्या खोक्यावर निव्वळ वजन ५५ ग्रॅम लिहिलंय? मग एका कॅप्सूलमध्ये साडेपाच ग्रॅम. सगळी अरेबिका असेल तर ६६ मिलिग्रॅम, अर्धी-अर्धी असेल तर ९० च्या पुढे, रोबस्टाच जास्त असेल तर १०० पार. पावडरीतलं सगळं कॅफिन कपात उतरत नाही, म्हणून हा वरचा अंदाज समजायचा. माझ्यासाठी तेच बरं, कारण मोजायचं असेल तर जास्तीच्या बाजूनेच मोजावं. छोट्या कॅप्सूलचे सर्वसाधारण आकडे ५५ ते ७५ मिलिग्रॅमच्या आसपास दिले जातात, ते याच हिशेबात बसतात.

खोक्यावरच्या वजनावर विश्वास ठेवायचा की नाही हे बघायला मी एक नवी कॅप्सूल उघडली. मागची पातळ फॉईल सुरीच्या टोकाने सोडवली आणि पावडर वजनकाट्यावर ओतली. काटा साडेपाचच्या आसपास थांबला. पावडर इतकी बारीक की बोटांत घेतली तर चिकटून राहते, आणि कॅप्सूलच्या आतल्या कडेला एक पातळ थर राहतोच, तो ब्रशने काढावा लागला. मग एक वापरलेली कॅप्सूल कापली. आत पावडरीची घट्ट वडी झालेली आणि वडीवर फॉईल जिथे जिथे फुटली त्या चौकोनांचे ठसे उमटलेले. पाणी एका धारेने न जाता त्या सगळ्या छिद्रांमधून, पूर्ण वडीतून ढकललं जातं. एवढ्याशा पावडरीतून अर्ध्या मिनिटात एवढं कसं निघतं, हे ती वडी हातात घेतल्यावर कळलं.

आता बटणं. आमच्या मशीनवर ४० मिलिलिटरचं एस्प्रेसो आणि ११० मिलिलिटरचं लुंगो अशी दोन बटणं आहेत. २५ मिलिलिटरचा रिस्ट्रेटो हवा असेल तर मध्येच थांबवावं लागतं. मोठा कप म्हणजे जास्त कॅफिन, असं घरी येणारे बहुतेक पाहुणे धरून चालतात. पण कॅप्सूल तीच असेल तर लुंगोचं बटण दाबल्याने वाढतं ते मुख्यतः पाणी. कॅफिन गरम पाण्यात पटकन विरघळतं आणि त्यातलं बरंचसं सुरुवातीच्या पाण्याबरोबरच बाहेर पडतं. पुढच्या पाण्यातून थोडं आणखी येतं, आणि त्याच्याबरोबर कडवट, लाकडासारखी चव येते. म्हणून छोट्या कॅप्सूलवर लुंगोचं बटण मी दाबत नाही. मोठा कप हवा असेल तर एस्प्रेसो काढून वरून वेगळं गरम पाणी घालते. चव कितीतरी स्वच्छ राहते. खास लुंगोसाठी केलेल्या कॅप्सूल वेगळ्या असतात, त्यांचं दळण आणि कधी कधी वजनही वेगळं असतं.

तीच कॅप्सूल दुसऱ्यांदा चालवणाऱ्यांसाठी एवढंच: कॅफिनही फारसं नसतं आणि चवही नसते. नका करू.

ऑफिसातल्या मोठ्या मशीनची गोष्ट निराळी आहे आणि खरी काळजी तिथे घ्यायला हवी. ते मशीन दाब देण्याऐवजी कॅप्सूल गरागरा फिरवतं, मिनिटाला ७००० फेऱ्यांपर्यंत, आणि कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड वाचून किती पाणी सोडायचं ते स्वतः ठरवतं. त्यातल्या मगच्या कॅप्सूलमध्ये पावडर १० ग्रॅमच्या पुढे असते. हिशेब तोच लावला तर १२० पासून वर, आणि मिश्रणात रोबस्टा असेल तर १५० ते २०० मिलिग्रॅमच्या घरात. प्लास्टिकच्या के-कप प्रकारच्या पॉडमध्येही साधारण ९ ते १२ ग्रॅम पावडर आणि कपाला ७५ ते १५० मिलिग्रॅम कॅफिन असतं. म्हणजे घरी तीन कप आणि ऑफिसात तीन कप यांत दुपटीचा फरक पडू शकतो. ‘दिवसाला तीनच कप घेते’ या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. कोणत्या मशीनचे तीन, ते सांगायला हवं.

छोट्या कॅप्सूलचं आणि के-कपचं, ही दोन घराणी मुळातच वेगळ्या कपांसाठी जन्मली आहेत. नेस्प्रेसोच्या कॅप्सूलचं पेटंट १९७६चं आणि विक्री १९८६ पासून. तिथे डोळ्यांसमोर इटालियन पद्धतीचा छोटा एस्प्रेसो होता. के-कपवालं क्युरिग १९९०च्या दशकात अमेरिकेत आलं, ऑफिसातल्या मोठ्या मगसाठी. ग्रॅममधला फरक तिथूनच आलाय.

फेसाबद्दल एक. जाड, सोनेरी फेस म्हणजे कडक कॉफी असं समजलं जातं. रोबस्टाचा फेस जाड येतो हे खरं, पण फेस दाबावर, दळणावर आणि कॉफी किती ताजी पॅक झाली त्यावरही अवलंबून असतो. त्यावरून कॅफिन ओळखता येत नाही. दुधाचंही तसंच. दूध घातलं की कॉफी सौम्य लागते, कॅफिन जेवढं होतं तेवढंच राहतं. ज्या मशीनमध्ये लाटेसाठी दोन पॉड लागतात, एक दुधाचा आणि एक कॉफीचा, तिथे फक्त कॉफीचाच मोजायचा.

आता या मिलिग्रॅमचं करायचं काय? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे एफसाने, २०१५ मध्ये दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढ माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० पर्यंत कॅफिन सहसा सुरक्षित. गरोदर बाईसाठी दिवसभराचे २००. यात चहा, कोला, चॉकलेट सगळं धरायचं. वहिनीने मला सरळ विचारलं, “माझ्या वाटणीचे किती, ते सांग.” आम्ही मिळून हिशेब केला: सकाळी एक अरेबिका कॅप्सूल, ६६. दुपारी एक कप चहा, साधारण ४०. संध्याकाळी काही खावंप्यावंसं वाटलं तरी मोकळी जागा राहते. तिच्या डॉक्टरांनाही ही वाटणी पटली. ऑफिसातल्या मशीनचा एकच मग घेतला असता तर तिचा दिवसाचा कोटा जवळजवळ तिथेच संपला असता, म्हणून हे लिहावंसं वाटलं. खोक्यावर नुसतं पाहून, हिशेब न करता, हे कुणालाही कळणार नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. शरीरातलं अर्धं कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात, पण माणसामाणसात फार फरक असतो. धूम्रपान करणाऱ्यांत ते लवकर जातं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत त्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो, आणि गरोदरपणात, त्यातही शेवटच्या महिन्यांत, आणखी जास्त. पाच तास धरले तरी, दुपारी चारला १८० मिलिग्रॅमचा मग घेतला तर रात्री नऊला ९० शिल्लक, म्हणजे दीड छोटी कॅप्सूल नुकतीच प्यायल्यासारखं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेसुद्धा झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. ऑफिसातला दुपारचा मग बंद करून मी तिथली एस्प्रेसोची छोटी कॅप्सूल घ्यायला लागले, तीही जेवणानंतर लगेच. अंथरुणावर पडल्यावर डोळा लागायला जो वेळ लागायचा तो कमी झाला. एवढा एकच बदल केला होता, म्हणून श्रेय त्यालाच देते.

बाबांसाठी डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढून टाकलेली कॉफी, आणली. डिकॅफ म्हणजे शून्य नव्हे. युरोपातल्या अनेक देशांत भाजलेल्या डिकॅफ कॉफीत ०.१ टक्क्याहून जास्त कॅफिन चालत नाही. साडेपाच ग्रॅमवर हे जास्तीत जास्त साडेपाच मिलिग्रॅम होतं. प्रत्यक्षात कपात सहसा २ ते ५. बहुतेकांना ते जाणवणारही नाही. चवीत डिकॅफ कॅप्सूल मला थोड्या सपाट वाटतात, मागे रेंगाळणारा कडवटपणा कमी असतो. दुधात घेतल्या तर तेही कळत नाही.

माझी खरी तक्रार छपाईबद्दल आहे. आमच्या मशीनला चालणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या कॅप्सूल मी बरेच दिवस वापरल्या. चव उत्तम. पण खोक्यावर अरेबिका-रोबस्टाचं प्रमाण नाही, कॅफिनचा आकडा नाही, फक्त ‘इंटेन्सिटी १२’ आणि एक सुंदर चित्र. ग्राहक सेवेला लिहिलं, घरात गरोदर बाई आहे हेही सांगितलं. उत्तर आलं की मिश्रण हे कंपनीचं गुपित आहे. मिश्रणाची पाककृती गुपित असू दे, पण मिलिग्रॅम सांगायला काय हरकत आहे? पिणाऱ्याला आपण काय पितोय हे कळायलाच हवं. त्या कॅप्सूल मी घेणं सोडून दिलं. आता बीचं प्रमाण किंवा निदान ‘१०० टक्के अरेबिका’ एवढं तरी छापलेलं असेल तरच घेते. काही पॉडमध्ये वरून जास्तीचं कॅफिन घातलेलं असतं. त्यांना हा ग्रॅमचा हिशेब लागू होत नाही, त्यामुळे घटकांची यादी वाचावी.

मशीनबद्दल थोडक्यात: वेळेवर डिस्केल केलं, म्हणजे आत साचलेले क्षार काढले, तर त्रास नाही. क्षार साचले की धार बारीक होते, पाणी पुरेसं तापत नाही आणि कॉफी आंबट लागते. वापरलेल्या कॅप्सूल डब्यात दोन दिवसांहून जास्त ठेवू नयेत, बुरशी धरते.

अलीकडे मी पुन्हा भरता येणारी स्टीलची कॅप्सूल आणलीय आणि मनासारखं माप साधलं ते यातच. आत साधारण पाच ग्रॅम पावडर बसते. दळण एस्प्रेसोचंच हवं. भरड असेल तर पाणी सरळ पळून जातं, फार बारीक असेल तर मशीन कण्हत राहतं आणि थेंब पडत नाही. पावडर हलक्या हाताने दाबायची, काठ बोटाने पुसून घ्यायचा, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि बाजूने पाणी गळतं. बाबांना निव्वळ डिकॅफ फार दिवस आवडलं नाही, म्हणून आता अडीच ग्रॅम साधी अरेबिका आणि अडीच ग्रॅम डिकॅफ असं मिश्रण भरते. कपाला तीस-बत्तीस मिलिग्रॅम, म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेत बाबांचे दोन कप आरामात बसतात. भरण्याचं काम आता बाबाच करतात, वजनकाट्यासकट.