टर्बो ३५० वर फुल मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी: दिवाळीपासूनचा अनुभव, क्रॉसच्या खर्चासकट

मागच्या आठवड्यात कोल्हापुरात कावळा नाक्यावर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडं नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे टोकाचा चौफुलीसारखा सांधा, तुटला आणि माझी १९६५ ची शेव्हरोले इम्पाला भर चौकात आडवी उभी राहिली. ज्याच्याकडून व्हॉल्व्ह बॉडी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाची वाट बदलून गिअर बदलणारा भाग) मागवली त्याला फोटोसकट कळवलं. उत्तर दोन ओळींचं आलं: हा माल रेसिंगचा आहे, रस्त्यावर वापरल्यास वॉरंटी नाही. जाहिरातीत मात्र ‘रस्ता आणि शर्यत, दोन्हींसाठी’ असं ठळक अक्षरांत होतं, त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. क्रॉस हा व्हॉल्व्ह बॉडीचा भाग नव्हे, एवढं मलाही कळतं. पण तो गेला तिच्याच झटक्यांनी. राग बाजूला ठेवून लिहायचा प्रयत्न करतो. सगळा बाजूला राहणार नाही.

गाडी २८३ व्ही-८, मूळचा गिअरबॉक्स दोन गिअरचा पॉवरग्लाइड. त्याच्या जागी शॉर्ट टेलचा, म्हणजे आखूड शेपटीचा, टर्बो ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक घातला. लांबीला दोन्ही जवळपास सारखेच, त्यामुळं शाफ्ट कापावा लागला नाही. गुणोत्तरं अशी: पहिला २.५२, दुसरा १.५२, तिसरा सरळ. नुसत्या तिसऱ्या गिअरच्या लाभानंच गाडी हलकी झाली असती, तिथंच थांबलो असतो तर पैसे वाचले असते. पण बॉक्स खाली उतरलेलाच होता, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत व्हॉल्व्ह बॉडीही बदलली. वेग बघून गिअर ठरवणारा गव्हर्नर बिनकामाचा झाला, किकडाऊनची (पाय दाबला की खालचा गिअर पाडणारी) केबल काढली, इंजिनवरचा भार बघून तेलाचा दाब ठरवणारा मॉड्युलेटर भोक बुजवण्यापुरता जागेवर ठेवला आणि त्याची व्हॅक्यूमची नळी बंद केली. म्हणजे तेलाचा दाब आता कायम पूर्ण. गिअर कधी पडायचा ते फक्त माझा हात ठरवतो.

आता मुख्य तक्रार. बाकीचं सगळं एका पारड्यात आणि हे एकटं दुसऱ्या पारड्यात.

कंपनीचा ऑटोमॅटिक गाडी थांबता थांबता स्वतःच पहिल्यात येतो. हा येत नाही. तिसऱ्यात थांबलात तर तिसऱ्यातच उभा. दसरा चौकात सिग्नल, पुढं बिंदू चौकात रिक्षा आडवी, महाद्वार रोडला शुक्रवारची अंबाबाईची गर्दी. प्रत्येक थांब्याला लिव्हर तीनवरून दोन, दोनवरून एक. क्लचच्या गाडीत तिसऱ्यातून निघायला गेलं की इंजिन बंद पडतं, चूक लगेच कळते. इथं गाडी निघते, आणि खरी गोम इथंच आहे. क्लचच्या जागी तेलावर चालणारा कन्व्हर्टर घसरत, घुमत, कसाबसा ओढतो, इंजिन ओरडतं, वेग येत नाही, आणि तेवढ्या वेळात सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. भाच्याला एकदा गाडी दिली होती. राजारामपुरीतून रंकाळ्यापर्यंत त्यानं ती तिसऱ्यातच आणली आणि किल्ली देताना म्हणतो, “मामा, गाडी जरा जड वाटतीया.” जड वाटतीया! बॉनेटवर हात ठेवायची सोय नव्हती.

त्यात पॅटर्न उलटा: पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, एक, दोन, तीन. वर चढवायचं तर मागं ओढायचं, ते छान आहे, हाताला लगेच बसतं. उतरवताना मात्र पुढं ढकलायचं आणि एकच्या पुढं न्यूट्रल वाट बघत असतो. शिफ्टर रिव्हर्स पॅटर्नचाच रॅचेटवाला घ्या, ज्यात न्यूट्रलला जायला वेगळा खटका दाबावा लागतो. इथं पैसे वाचवू नका. मी बाकी सगळीकडं वाचवतो, तरी हे सांगतो.

झटक्याबद्दल सगळे विचारतात. जोरात चालवताना तो गोडच लागतो, खटकन् गिअर पडतो आणि गाडी पुढं झेपावते. हळू चालवताना खरा त्रास. कंपनीचा बॉक्स पाय हलका असेल तर दाब कमी करून गिअर हळुवार बदलतो. इथं मॉड्युलेटरचं काही चालत नाही, ताशी २५ च्या वेगालाही क्लच पूर्ण दाबानं आवळला जातो. आईला पाचगावला मावशीकडं नेत होतो, तिच्या मांडीवर तांबड्या रश्श्याची किटली. एकातून दोनात टाकला, पाय नावापुरता होता. किटलीचं झाकण उडालं, कट आईच्या पदरावर आणि तिथून सीटवर. पदर धुऊन निघाला. सीटच्या शिवणीत शिरलेला लाल कट अजून तसाच आहे, दोऱ्याला दोरा रंगलाय. आई एवढंच म्हणाली, “हळू चालव की रे.” आता तिला काय सांगणार, हळू चालवत होतो म्हणूनच झालं! पाय पूर्ण उचलून गिअर टाकला तर आणखी वाईट होतं. पाय आहे तसा धरून ठेवायचा, गती जरा कमी असतानाच वरचा गिअर टाकायचा, मग दणका निम्म्यावर येतो. निम्म्यावर, बंद नाही.

मुख्य तक्रारीपासून इथपर्यंतचं उन्हाळ्यात लिहून ठेवलं होतं आणि खाली ‘घेऊ नका’ असं लिहायचं पक्कं होतं. मग पावसाळ्यात आंबा घाट उतरलो.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पॉवरग्लाइड असताना साखरप्याकडं उतरताना निम्म्या घाटात ब्रेकचा वास यायचा आणि पेडल खाली खाली जायचं. या वेळी वरून दुसऱ्यात टाकली आणि तशीच ठेवली. मी इंजिन ब्रेकिंगवाली, म्हणजे पाय सोडला की इंजिनच गाडीला मागं धरतं अशी, व्हॉल्व्ह बॉडी घेतली होती. यात ब्रेकिंगसह आणि ब्रेकिंगशिवाय अशा दोन जाती येतात, मागवताना विचारूनच घ्या. गाडी आपल्या वजनाला आपणच धरून खाली आली. ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी, तेही बोट लावल्यासारखं. धुकं, रस्ता ओला, समोरून ट्रक. खाली पोचल्यावर चाकाजवळ नाक नेलं, वास नाही. कुणी म्हणेल की कंपनीच्या ३५० लाही लिव्हर दोनवर ठेवता येतो. येतो, मान्य. पण परत वर येताना जी मजा आली ती त्यात नाही. ओल्या वळणात पाय जरा दाबला म्हणून मधेच किकडाऊन नाही, पाय सोडला म्हणून वर जाणं नाही. गिअर मी टाकलेला तोच. नाद खुळा, दुसरा शब्द नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. गव्हर्नरच नाही, म्हणजे अडवणारं कुणी नाही. ताशी ९० वर असताना लिव्हर एकात गेला तर हा बॉक्स निमूटपणे एकात जाईल. पुढं इंजिनचं आणि मागच्या चाकांचं काय होईल ते तो बघत नाही.

तेलाचं तापमान हा दुसरा जमाखर्च. मीटर नसेल तर ही भानगड करूच नका. ८० अंशांच्या आसपास तेल सुखात असतं. १२० च्या पुढं त्याचं वार्निश व्हायला लागतं, व्हॉल्व्ह चिकटायला लागतात आणि तेलाला जळका वास येतो. घाटात गाडी पळत असते, हवा लागते, काटा शंभराच्या खालीच राहिला. एप्रिलमध्ये भवानी मंडपाच्या गर्दीत तोच काटा ११० ला टेकला. रेडिएटरच्या टाकीतला कूलर कमी पडतो, पुढं वेगळा जाळीचा लावला, तेव्हा शंभरावर थांबला. नुसता पॅन उतरवला तर चारेक लिटर तेल निघतं. कन्व्हर्टर धरून कोरडा बॉक्स भरायचा तर दहाएक लिटर लागतं. पेट्रोलचा हिशेब मी ठेवतच नाही. ओव्हरड्राइव्ह (इंजिनला निवांत करणारा वरचा गिअर) नाही आणि लॉकअप (कन्व्हर्टरचं घसरणं बंद करणारी सोय) नाही, तेव्हा हायवेला कागलकडं जातानाही इंजिन गुणगुणत नाही, बोलत राहतं.

क्रॉसचं उरलं. उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडं नेला. त्यांनी तुटका क्रॉस हातात घेतला, कप काढला आणि अंगठ्याच्या नखानं दांड्यावर फिरवलं. सुईच्या बेअरिंगच्या रेघा दांड्यात रुतल्या होत्या, ओळीनं, मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ, आणि एकाच बाजूला. “ग्रीस मिळालंय ह्याला, मालक. पर मार लई खाल्लाय.” मला जे सांगायला चार परिच्छेद लागले ते त्यांनी नखानं वाचलं. मग एका छोट्या मालवाहू गाडीचा क्रॉस काढला. कपाचं माप जुळलं, लांबी थोडी जास्त होती, म्हणून योकमध्ये (क्रॉस धरणाऱ्या बेचक्यात) सर्क्लिपची खाच नव्यानं काढली. संध्याकाळी गाडी चालू, चहा त्यांचाच. बाहेरून मागवला असता तर वस्तूपेक्षा कुरिअर आणि कस्टमच जास्त झालं असतं. शिवाय या क्रॉसला ग्रीस निपल आहे, जुन्याला नव्हता. गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचं रबरही फाटत आलंय, तेही त्यांनी सांगून ठेवलंय.

तर कुणासाठी? रोज ऑफिसला, शाळेला, मंडईला जायची गाडी असेल तर अजिबात नको. त्याला नुसता शिफ्ट किट बसवा, गिअर आपोआप पडतील आणि थोडे कडक पडतील, तेवढं पुष्कळ आहे. रविवारी पन्हाळा, पावसाळ्यात आंबा, दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघायला जाताना आपलीही बाहेर काढायची, एवढाच वापर असेल तर घ्या. इंजिन ब्रेकिंगवाली, मीटरसह, मोठ्या कूलरसह. आणि क्रॉसला दर महिन्याला ग्रीस.

मी ती काढणार नाही, आंबा घाटानं तो विषय संपवला. मूळची व्हॉल्व्ह बॉडी तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्यात ठेवली आहे. दोघांनी विकत मागितली. सध्या देणार नाही, कारण आई अजून या गाडीत बसायला तयार नाही.