‘घरबसल्या क्यूब बनवा, आम्ही परत विकत घेऊ’: या रेझिन किटच्या नादी लागू नका

घरबसल्या कामाच्या नावाखाली डिपॉझिट गिळणारे आपल्याला नवे नाहीत. अगरबत्ती झाली, पेन पॅकिंग झालं, आता तेच लोक रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणाऱ्या द्रवाच्या कामात शिरलेत. फरक इतकाच की इथे माल नाकारायला खोटं कारण शोधावं लागत नाही. किटच असं देतात की माल बिघडणारच.

गेलेले पैसे आधी सांगते. नोंदणी १,४९९. किट १४,८००. ‘परत मिळणारं’ डिपॉझिट १०,०००. माल नाकारल्यावर ‘क्वालिटी ट्रेनिंग’चे २,५००. कुरिअर ७८०. एकूण २९,५७९ रुपये. माझं ऐकून नणंदेनेही १,४९९ भरले होते. ते मी तिला दिले, पण तिच्यासमोर मान वर होत नाही.

काम काय, तर ५० मिमीचे ४० क्यूब, आत गुलाबाच्या पाकळ्या, एका क्यूबला २६० रुपये. पहिला लॉट पास झाला की वरमाला, बाळाचं जावळ, नाळ अशा आठवणींच्या ऑर्डरी मिळणार. मी कोस्टर आणि कीचेन आधीपासून करते, म्हणजे अगदी कोरी नव्हते. करारात एक ओळ होती: बुडबुडा, पिवळेपणा, तडा किंवा चिकटपणा दिसल्यास पूर्ण लॉट रद्द, डिपॉझिट जप्त. दर्जाची अट कुठल्याही कामात असते, म्हणून सही केली.

किटमध्ये ४ किलो रेझिन, ते घट्ट करायला त्यात मिसळायचं २ किलो हार्डनर आणि दहा साचे. ५० मिमीच्या एका क्यूबला १२५ मिली, म्हणजे साधारण १३७ ग्रॅम मिश्रण लागतं. चाळीसचे साडेपाच किलो झाले. उरलं अर्धा किलो. कपाला चिकटणारं, सांडणारं, चाचणीचं सगळं त्यातच भागवायचं. एक साचा बिघडला तर दुसऱ्यांदा ओतायला माल नाही. हा हिशेब पैसे भरण्याआधी करा.

आता मुख्य गोष्ट. डब्यावर ‘डीप पोअर’, म्हणजे जाड ओतायचं रेझिन, असं लिहिलेलं होतं. आत होतं कोटिंग रेझिन. कोटिंगचं रेझिन पातळ थरासाठी असतं, साधारण ३ ते १० मिमी. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता सुटते. पातळ थरातून ती निघून जाते, जाड ठोकळ्यात मधेच कोंडते. मग आतलं रेझिन आणखी वेगाने तापतं, पिवळं पडतं, फेसासारखे बुडबुडे धरतं, निवताना तडकतं. पाकळ्या आतच करपून तपकिरी होतात. डीप पोअर मुद्दाम सावकाश घट्ट होतं, एक ते तीन दिवस घेतं, म्हणूनच जाड ओतता येतं. चुकीचं रेझिन दिलं की करारातल्या चारपैकी तीन कारणं आपोआप तयार.

डीप पोअर ओतायला अगदी पातळ असतं, कोटिंग एकतारी पाकासारखं ओघळतं. तिथेच कळायला हवं होतं, असं आता सगळे मला ऐकवतात. पण मे महिन्यात, जळगावच्या ४४ अंशांत, घट्ट रेझिनही पातळ होतं. उलट गरमीत प्रत्येक रेझिन लवकर सेट होतं, म्हणून तासाभरात साचा हाताला चटका देऊ लागला तेव्हा मी फोन केला. उत्तर आलं, “मॅडम, तुमच्याकडचं ऊनच तसं आहे.” ते पटण्यासारखं होतं. त्याच दिवशी डब्यावरचं स्टिकर कोपऱ्यातून उचललेलं दिसलं. नखाने ओढलं तर खाली दुसरं स्टिकर, त्यावर बारीक अक्षरात: कमाल थर १० मिमी. तोवर दहाही साचे भरलेले होते. नवा डबा आल्याआल्या त्याचं स्टिकर सोलून बघायचं असतं, हे कोणी शिकवलंय का?

तर आता सांगते. डब्यावर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि कमाल थर नसेल तर झाकण उघडू नका. आधी ३० ग्रॅम मिसळून छोट्या खोलगट साच्यात ओतून बघा. मिश्रण वजनानेच मोजा, ०.१ ग्रॅमच्या काट्यावर, कारण रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं आणि मापाच्या कपाने मोजलं की वजनाचं प्रमाण चुकतं. कडा आणि तळ खरवडत तीन-चार मिनिटं ढवळा, मग दुसऱ्या कपात काढून पुन्हा. आणि रेझिन घट्ट होईपर्यंत त्या खोलीतला कूलर बंद ठेवा. आपल्याकडे वाळ्याचा कूलर दिवसभर चालतो, त्याच्या ओलाव्याने पृष्ठभागावर चिकट पांढरट थर येतो. माझ्या उरलेल्या क्यूबना ‘चिकटपणा’चा शेरा मिळाला तो यामुळेही असेल, पण उन्हाळ्यात हे काम देणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नाही. पाकळ्याही त्यांनीच पाठवलेल्या, बोटात दाबल्यावर कुरकुरत नव्हत्या. ओली पाकळी रेझिनमध्ये काळी पडतेच. सिलिका जेलमध्ये पूर्ण सुकल्याशिवाय फूल वापरू नका, मग देणारा काहीही म्हणो.

तक्रारीचं ऐका. ठाण्यात विचारलं, “ताई, पैसे तुम्ही स्वतःच पाठवले ना?” फसवणूक म्हणजे काय मागून येऊन हिसकावणं असतं? तेच पुढे म्हणाले, करार आहे म्हणून दिवाणी मामला, ऑनलाइन आहे म्हणून सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला नाही, तुमच्या ठाण्यातच द्या. बँकेत खाते क्रमांक, तारीख, व्यवहार क्रमांक सगळं समोर ठेवलं, तरी “आम्ही काही करू शकत नाही.” एका साहेबांनी तर, तीस हजारसुद्धा नाहीत, असं म्हटलं. घरात बसून रेझिनच्या वासात डोकं धरून कमावणाऱ्या बाईला विचारा तीस हजार म्हणजे किती. आणि वर, तुम्ही धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, हेही एकाने सुनावलं. साफ चूक. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कोणी ‘आमची हद्द नाही’ म्हटलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणजे फसवणूक, हे तोंडपाठ ठेवा.

पैसे पाठवल्यावर शंका आली तर रात्र जाऊ देऊ नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. ‘डिपॉझिट परत’ म्हणून आणखी पैसे मागितले की तिथेच थांबा. मी ते २,५०० भरले, कारण १०,००० अडकलेले होते. त्यांना हे बरोबर माहीत असतं. कोणाची खरी वरमाला, जावळ, रक्षा यांच्याकडे पाठवू नका. रेझिन पुन्हा आणता येतं, ती वस्तू नाही.

हेच किट आता धुळे आणि नंदुरबारकडे दुसऱ्या नावाने फिरतंय. ज्यांच्याकडे दोन स्टिकरचे डबे आहेत त्यांनी ते फेकू नका, वरचं स्टिकर अर्धं सोलून, दोन्ही दिसतील असा फोटो काढा आणि बिल, करार, नाकारलेले क्यूब सगळं एकत्र ठेवा. मी एकटी तक्रार करतेय तोवर ती दिवाणी आहे. आपण दहा जणी एकाच पद्धतीचे डबे घेऊन गेलो तर त्यांना तसं म्हणता येणार नाही.