हॉस्पिटल कॅश की गंभीर आजार कव्हर?

मूळ आरोग्य विमा आहेच. नोकरी देणाऱ्या कंपनीच्या यादीतून त्यावर एकच जोड घ्यायची, तर या दोनपैकी कोणती, असं एका सहकाऱ्याने विचारलं.

दोन्ही बिल बघत नाहीत, ठरलेली रक्कम देतात. हॉस्पिटल कॅश दाखल असलेल्या दिवसांप्रमाणे मिळते. बहुतेकदा किमान २४ तास ॲडमिट राहावं लागतं, त्यामुळे डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा, शस्त्रक्रियेला अनेकदा शून्य. गंभीर आजार कव्हर निदानानंतर एकरकमी देतं, मग घरभाडं भरा नाहीतर औषधं आणा. पण आजार पॉलिसीतल्या व्याख्येत बसायला हवा: अगदी सुरुवातीचा कॅन्सर कित्येकदा वगळलेला असतो. माहितीपत्रकावर जाऊ नका, पॉलिसीच वाचा. नोकरी सुटल्यावर या कव्हरचं काय, हे एचआरला लेखी विचारा.

ठरलेलं ऑपरेशन समोर असेल तर हॉस्पिटल कॅश, प्रतीक्षा काळ (सुरुवातीचा, दावा करता न येणारा काळ) तपासून. घर एकाच पगारावर चालत असेल तर गंभीर आजार कव्हर.