सोसायटीच्या दप्तरासाठी लिब्रेऑफिस

मुलुंड पूर्वेला आमची 48 सदनिकांची सोसायटी. मी मानद सचिव, त्यामुळे मेंटेनन्सची बिलं, सभेच्या नोटिसा, इतिवृत्त, सगळं माझ्याकडे. आधीच्या कमिटीने घेतलेल्या ऑफिस सॉफ्टवेअरची वर्गणी ऐन वार्षिक सभेच्या तोंडावर संपली. फायली उघडायच्या, पण एक आकडा बदलता येईना. दप्तर सभासदांचं आणि कुलूप दुसऱ्याचं, हे मला अजिबात पटलं नाही. सगळं लिब्रेऑफिस या मोफत, खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरवर आणलं.

आधी एक सांगते. बरेच जण जुन्या नावावर जाऊन ओपनऑफिस उतरवून घेतात. ते घेऊ नका. 2014 च्या 4.1 नंतर त्यात फक्त किरकोळ दुरुस्त्या आल्या आहेत आणि डॉकएक्समध्ये, म्हणजे वर्डच्या नेहमीच्या प्रकारात, फाईल सेव्हही होत नाही. त्यातूनच 2010 मध्ये वेगळं झालेलं लिब्रेऑफिस मात्र नियमित सुधारतं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालतं.

माझं सगळ्यात मोठं काम बिलांचं. कॅल्कमध्ये, म्हणजे यातल्या एक्सेलसारख्या तक्त्यात, सदनिका क्रमांक, सेवा शुल्क, सिंकिंग फंड, पार्किंग, मागील थकबाकी असे रकाने. रायटरमध्ये, म्हणजे वर्डसारख्या भागात, बिलाचा एकच नमुना. मेल मर्ज करताना, म्हणजे तक्त्यातली माहिती नमुन्यात आपोआप भरताना, प्रत्येक बिलाची स्वतंत्र पीडीएफ काढता येते आणि फाईलचं नाव कुठल्या रकान्यातून घ्यायचं तेही ठरवता येतं. मी सदनिका क्रमांक देते. मग ए-203 ची पीडीएफ थेट त्यांच्या व्हॉट्सॲपवर. चुकून शेजारच्याची थकबाकी भलत्याच घरी जायची भीती राहिली नाही, आणि सोसायटीत ती गोष्ट किती नाजूक असते हे सचिव झालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मराठी नोटिशींसाठी एक सेटिंग समजून घ्या. रायटर इंग्रजी आणि देवनागरी यांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे धरतो. स्टाइलमध्ये इंग्रजीचा आकार 14 केला तरी मराठी मजकूर जिथल्या तिथे राहतो. ऑप्शन्समध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथेच ठरवून टाका, म्हणजे प्रत्येक नोटिशीत पुन्हा ती कटकट नको.

ऑडिटरकडून येणाऱ्या एक्सेलच्या साध्या तक्त्यांना आजवर अडचण आली नाही. वर्डच्या कॅलिब्री फॉन्टमधल्या पत्रांच्या ओळीही सरकत नाहीत, कारण त्याच मापाचा कार्लिटो फॉन्ट सोबत मिळतो. मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, भरलेली एक्सेल फाईल मात्र भरवशाची नाही. ज्यांचा धंदाच तशा फायलींवर चालतो त्यांनी घाईने बदलू नये. दोघांनी दोन घरांतून एकाच वेळी एकच फाईल लिहायची सोयही यात नाही. सादरीकरणाचा इम्प्रेस मला जरा जडच वाटतो.

तरीही सोसायटीसाठी मी हेच सुचवेन. ओडीएफ हा लिब्रेऑफिसचा मूळ फाईल प्रकार 2006 पासून आयएसओ म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची रचना सगळ्यांना खुली आहे. उद्या कमिटी बदलली, नव्या सचिवांनी दुसरं सॉफ्टवेअर आणलं, तरी जुनी इतिवृत्तं कुणाची वर्गणी न भरता उघडतील. इतिवृत्ताची मूळ फाईल मी ओडीटीमध्येच (ओडीएफमधला मजकुराचा प्रकार) ठेवते आणि सभासदांना पीडीएफ पाठवते. उतरवून घेताना देणगी मागतात, ती ऐच्छिक आहे. मी माझ्या खिशातून दिली.