‘डिस्कचे रंग उडालेत’ म्हणून माझे १०,२०० रुपये घेतले

ताईच्या लग्नाच्या चार डीव्हीडी, २००६ सालच्या. बाबांचं चालतं-बोलतं असं आमच्याकडे तेवढंच उरलंय. आईच्या पंचाहत्तरीला लावायचं म्हणून पेनड्राइव्हवर घ्यायला स्टेशनजवळच्या एका दुकानात दिल्या. डिस्कमागे ३५०, एकूण १,४००. ‘फुल एचडी करून देतो मॅडम.’

चार दिवसांनी त्याने फाइल दाखवली. ताईचा लालभडक शालू केशरी, हिरवा चुडा काळपट, बाबांचा काळा कोट राखाडी. म्हणाला, डिस्क जुनी, रंग उडालेत, रिस्टोरेशन करावं लागेल. डिस्कमागे २,२००. मी तिथल्या तिथे ८,८०० पाठवले.

आणि हेच घशाखाली उतरत नाही. डिस्क देताना, चालते का बघायला, त्यानेच ती आपल्या कॉम्प्युटरवर लावली होती. तेव्हा शालू लाल होता! मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. चार दिवसांत रंग उडाले कसे, एवढं विचारायला माझं तोंड उघडलं नाही. कार्यक्रम नऊ दिवसांवर, समोर बाबांचा चेहरा, आणि हा माणूस कसले कसले आलेख दाखवतोय. माझ्या जागी कोणीही पैसे दिले असते.

‘रिस्टोरेशन’ म्हणजे रंग भडक केले, बस. सगळ्यांचे चेहरे हळद फासल्यासारखे, बाबांचे केस आणि कोट मिळून एकच काळा डाग.

खरं काय ते भाच्याने सांगितलं. डीव्हीडीवर रंग आकड्यांत असतात. डिस्क खराब झाली तर चित्र अडकतं, चौकोन फुटतात. शालू केशरी होत नाही. आकड्यांवरून रंग काढायचं डीव्हीडीचं गणित ६०१ या मानकाचं, एचडीचं ७०९ चं. दुकानदाराने ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र ताणून एचडी केलं आणि गणित जुनंच ठेवलं, म्हणून जुने आकडे नव्या गणिताने वाचले जाऊन लाल केशरी झाला. डीव्हीडीत काळ्याचा आकडा १६ असतो, कॉम्प्युटरच्या पडद्यावर ०; तो ० वर आणलाच नाही, म्हणून कोट राखाडी. चूक त्याची, दुरुस्तीचे पैसे माझे! भाच्याने हँडब्रेक या फुकटच्या सॉफ्टवेअरने, चित्र न ताणता, तीन डिस्क एका संध्याकाळी करून दिल्या. चौथी दुकानातून ओरखडा पडूनच परत आली. डिस्क बाहेर देण्याआधी त्यातला ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर घरी कॉपी करून ठेवा.

चौकीत म्हणाले, काम आवडलं नाही म्हणजे फसवणूक होत नाही. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः दुकानात गेलात ना? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइनने सात आठवडे थांबवून ‘दुकानदाराकडून प्रतिसाद नाही’ म्हणून तक्रारच बंद केली. बंद! म्हणजे उत्तर दिलं नाही की सुटका? आणि जाईन तिथे पावती मागतात. माझ्या चिठ्ठीवर ‘व्हिडिओ काम’ एवढंच आहे. कशाचे किती, ते लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. डिस्क घरच्या प्लेअरवर लावून पडद्याचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज अर्धा लिहून झालाय. दोन्ही फाइली जोडणार आहे, आणि ती चौथी डिस्कही. तिच्यावर सप्तपदी आहे.